"चायनीज नको!" म्हणणारी मुलं: घरी गाडी कुठे अडते आणि काय केलं की सुटते

सिंगापूरच्या मराठी घरांत ही तक्रार इतक्यांदा ऐकली आहे की आता तिचा क्रमही पाठ झाला आहे. बालवाडीत चायनीज सुरू होतं. पहिले काही आठवडे पोर घरभर "नी हाव, नी हाव" करत फिरतं. आपण कौतुकाने व्हिडिओ काढून आजीला पाठवतो, हौसेने फ्लॅशकार्डं आणि वर्कबुकं आणतो. आणि मग एके दिवशी वही पुढे केली की मूल टेबलाखाली जाऊन बसतं. "चायनीज नको!" थोडे दिवस आपण गप्प बसतो, मग नवा क्लास लावतो किंवा नवं अ‍ॅप उतरवून घेतो. पुन्हा तोच उत्साह, तीच वही, पुन्हा टेबलाखाली.

हे लिहिते आहे ते तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या आईबाबांसाठी, त्यातही ज्यांना स्वतःला चिनी येत नाही त्यांच्यासाठी. इथे पहिलीपासून इंग्रजीच्या जोडीला ‘मातृभाषा’ हा विषय असतो. चिनी, मलय आणि तमिळ या मुख्य भाषा. शिवाय भारतीय मुलांना हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी किंवा उर्दू घेता येते. मराठी त्या यादीत नाही. त्यामुळे बरीच मराठी घरं हिंदीकडे वळतात, काही शाळेकडे विनंती करून चिनी घेतात. पुढे काय घ्यायचं हा ज्याच्या त्याच्या घरचा निर्णय. पण बालवाडीत चिनी असेल तर ती वर्षं रडारडीत जाऊ नयेत, आणि तशी जायची गरजही नसते.

माझं म्हणणं थोडक्यात असं: मुलाला त्या भाषेचा कंटाळा आलेला नसतो. घरात त्या भाषेला एकच काम उरलेलं असतं, आपल्या प्रश्नांची उत्तरं देण्याचं. त्या कामाचा कंटाळा येतो. बाकीच्या अडचणी आहेतच, त्याही खाली घेते, पण आधी ही तपासा.

आधी एक आठवडा प्रश्न बंद

आठवडाभर "याला चायनीजमध्ये काय म्हणतात?" हा प्रश्न विचारायचा नाही. फ्लॅशकार्डं कपाटात. फोनवर आजी असली तरी "म्हणून दाखव ना आजीला" नाही. (हे सगळ्यात अवघड, कारण आजीच विचारते. तिला आधी सांगून ठेवा. नातवंडासाठी ती नक्की ऐकते.) वर्कबुक शाळेचं असेल तर शाळेतच राहू द्या. मग नुसतं लक्ष ठेवा. अंघोळ करताना, गाड्या खेळताना, झोपायच्या आधी मूल आपणहून काही चिनी पुटपुटतं का? गाण्याची ओळ, आकडे, बाईंची नक्कल? पुटपुटत असेल तर भाषा शाबूत आहे, आपल्या प्रश्नांनी ती दडली होती. मी पाहिलेल्या बहुतेक घरांत असंच निघालं.

असं का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. आपल्याला भाषा येत नाही, म्हणून आपल्या वाट्याला आपोआप परीक्षकाची जागा येते. सफरचंदाचं चित्र दाखवून शब्द विचारता येतो. सफरचंदाबद्दल गप्पा मारता येत नाहीत. मुलाच्या हे फार लवकर ध्यानात येतं. मराठीत आई बोलते, हसते, रागावते, गोष्ट सांगते. चायनीजमध्ये फक्त विचारते. बरोबर सांगितलं की बक्षीस म्हणून पुढचा प्रश्न, चुकलं की दुरुस्ती. कोणाला आवडेल?

म्हणून शब्दांना काम द्यायचं, आणि हुकूम मुलाच्या हातात द्यायचा. सुरुवात दोन शब्दांनी करा: "खाय" म्हणजे उघड किंवा चालू कर, "क्वान" म्हणजे बंद कर. दोन्ही वरच्या पट्टीत, सपाट म्हणायचे (चिनीत सुराने शब्दाचा अर्थ बदलतो, त्याबद्दल पुढे). दिव्याला "तंग" म्हणतात. मूल सोफ्यावर उभं, बाबा स्विचपाशी. "क्वान तंग!" अंधार. "खाय तंग!" उजेड. चार-पाच वेळा झालं की बाबांनी मुद्दाम चुकायचं: "क्वान" ऐकून दिवा लावायचा. आमची लेक तेव्हा सोफ्यावरून उडी मारून बाबाचा हात धरते आणि एकेक अक्षर तोडून म्हणते, "क्वा-न तंग, बाबा, क्वा-न!" त्या क्षणी ती शिकवणारी असते आणि बाबा शिकणारा. तोच शब्द आम्ही कार्डावरून विचारला असता तर तिने तोंड फिरवलं असतं.

मग हळूहळू वाढवत न्या. "थिंग" (चढता सूर) म्हणजे थांब, "खुआय" म्हणजे लवकर, "मान" म्हणजे हळू, हे दोन्ही वरून खाली पडणारे. झोपाळ्यावर झोके देताना, पाठीवर घोडा-घोडा करताना, सायकल ढकलताना हे तीन शब्द पुरेसे आहेत. "चाय लाय" म्हणजे पुन्हा. हा सगळ्यात कामाचा, कारण मुलांना सगळं पुन्हाच हवं असतं. लिफ्टची दारं तर रोज मोफत मिळतात: "खाय मन" म्हटलं की बटण कोणी दाबायचं, हे आमच्या मजल्यावरच्या सगळ्या पोरांना माहीत आहे.

इथे एक पथ्य मात्र कडक पाळा. दूध, जेवण, शू, कडेवर घेणं यांवर चिनी शब्दाची अट घालू नका. "आधी चायनीजमध्ये माग, मग देते" हे मी चांगल्या, प्रेमळ घरांत ऐकलं आहे आणि दर वेळी पोटात तुटतं. मूल मराठीत मागेल तर मराठीत लगेच द्या. खेळातला हुकूम वेगळा आणि भूक वेगळी.

वेळही ठरवू नका. ‘सहा ते साडेसहा चायनीज’ म्हटलं की क्लास झाला. बूट घालणं, लिफ्ट, दिवे, अंघोळ, अशी दोन-तीन ठिकाणं धरा आणि तेवढ्यापुरतंच बोला. दिवसाकाठी पाच-दहा मिनिटं झाली तरी भरपूर.

तुम्ही वाचलं की मूल चिडतं?

ही तक्रार नेमकी पुस्तक घेऊन बसलं की येते. चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहिण्याची पद्धत म्हणजे पिनयिन. चीनमध्ये ती १९५८ साली अधिकृत झाली, सिंगापूरच्या शाळांतही तीच वापरतात. आपण ती अक्षरं इंग्रजी समजून वाचतो, आणि मूल म्हणतं, "असं नाही म्हणत!" मूल बरोबर असतं. त्याने शब्द कानाने घेतलेला असतो, आपण डोळ्यांनी.

यावर आपल्याकडे जे औषध आहे ते इंग्रजी घरांकडे नाही. मँडरिनमध्ये, म्हणजे शाळेत शिकवतात त्या चिनीत, ग, द, ब असे घोषवर्ण शब्दांच्या सुरुवातीला नसतातच. पिनयिनमधलं ‘बी’ म्हणजे आपला प, ‘पी’ म्हणजे फ; ‘डी’ म्हणजे त, ‘टी’ म्हणजे थ; ‘जी’ म्हणजे क आणि ‘के’ म्हणजे ख. अल्पप्राण आणि महाप्राण, बस. इंग्रजी बोलणाऱ्याला हा फरक मुद्दाम शिकावा लागतो. मराठी मुलाला तो पाळण्यापासून येतो. फ मात्र फणसातला, दोन्ही ओठ मिटून, ऑफिसातला नाही.

च च्या बाबतीत तर आपण खरे श्रीमंत. ‘चाक’मधला च आणि ‘चिमणी’मधला च वेगळे आहेत हे आपल्याला वेगळं सांगावं लागत नाही. पिनयिनमध्ये ‘झेड’ लिहिलं असेल तर चाकातला च, ‘जे’ असेल तर चिमणीतला च, ‘क्यू’ असेल तर त्याचाच महाप्राण, म्हणजे छ. सात या आकड्याला ‘क्यूआय’ लिहितात. तो "की"ही नाही आणि "क्वी"ही नाही, सरळ "छी". ‘एक्स’ म्हणजे शिट्टीतला श. जिथे ‘एच’ जोडून येतो (‘झेडएच’, ‘सीएच’, ‘एसएच’) तिथे जीभ थोडी मागे वळवायची. पोटफोड्या ष शाळेत जीभ वळवून म्हणायला लावायचे तसा. फक्त एकट्या ‘सी’साठी आपल्याकडे तयार अक्षर नाही: चाकातल्या च ला हवेचा झोत द्यायचा. तो ऐकूनच घ्या.

हे मोठ्यांनी आपल्यापुरतं शिकायचं, मुलाला शिकवायचं नाही. मुलाला खेळ द्यायचा. "तू-च" म्हणजे पोट आणि "थू-च" म्हणजे ससा (दोन्हींत शेवटचा च चाकातला, अगदी हलका). आई म्हणेल ते मुलाने करायचं: "तू-च" म्हटलं की पोट धरायचं, "थू-च" म्हटलं की कान लांब करून उड्या मारायच्या. मग बाजू बदलायची. "पाओ ल" म्हणजे पोट भरलं, "फाओ ल" म्हणजे पळाला. "कोउ" म्हणजे कुत्रा, "खोउ" म्हणजे तोंड. हे सगळे शब्द वर्गातल्या इतर मुलांना रोज लागणारे आहेत, आणि आपली मुलं ते ऐकताक्षणी वेगळे ओळखतात. त्यांना तेवढं माहीत असू द्या की तुम्हालाही फरक कळतो.

जाता जाता: शेजारच्या काकूंना, बालवाडीतल्या ताईंना चिनीत "आयी" म्हणतात. अगदी लहान मराठी मूल यावरून गोंधळतं, कधी रडतं. "ती आयी, मी आई" असं एकदा सांगून टाका, पुरतं.

सूर चुकतात

सूर चिनीचा कणा आहे हे खरं, पण घरी सूर दुरुस्त करत बसणं हा मुलाला गप्प करण्याचा हमखास उपाय आहे. चार सूर आहेत आणि एक हलका, बिनसुराचा. मोठ्यांनी ते असे लक्षात ठेवावेत. पहिला: पेटीवर वरचा सा धरून ठेवल्यासारखा, सपाट. दुसरा: कोणी काही बोललं आणि नीट ऐकू आलं नाही की आपण "अं?" करतो, तो चढ. तिसरा: पटलेलं नसताना खालच्या पट्टीत ओढलेला "हंऽऽ". चौथा: "बस्!" असं तोडून म्हणतो तो उतार. हे चारही सूर मराठी घरात दिवसभर चालू असतात, फक्त आपण त्यांनी शब्द बदलत नाही.

सुरासाठी सांगण्यापेक्षा परिणाम दाखवावा. सपाट "थांग" म्हणजे सूप, चढता "थांग" म्हणजे साखर किंवा गोळी. दुकान-दुकान खेळताना एका वाटीत पाणी (सूप) आणि दुसरीत मनुका (गोळी) ठेवा. मूल जे म्हणेल ते द्या, न हसता, न सुधारता. गोळी हवी असताना सूप हातात आलं की मूल स्वतःच थांबतं आणि पुन्हा म्हणतं. त्याच खेळात खाली दबलेला "माय" म्हणजे विकत घेणं आणि वरून पडणारा "माय" म्हणजे विकणं. गिऱ्हाईक आणि दुकानदार कोण हे यावर ठरवायचं. मोठ्या माणसालाही घाम फुटतो, मुलं मात्र दोन दिवसांत सरावतात.

एक ठिकाण जरूर सांभाळा. पुस्तकात "नी" आणि "हाव" या दोन्हींवर तिसऱ्या सुराची खूण असते, पण दोन तिसरे सूर लागोपाठ आले की बोलताना पहिला चढता होतो. "नको" म्हणजे "पू याव". त्यातल्या "पू"वर कागदावर उतार, बोलण्यात चढ. म्हणजे मूल कागदापेक्षा वेगळं म्हणतं आणि तरी अचूक असतं. खुणा पाहून त्याला टोकू नका. शंका असेल तर बाईंना विचारा, मुलासमोर नाही.

लिहायला बसवलं की रडतं

तीन-चार वर्षांच्या हाताला पेन्सिलीने चौकोनात अक्षर बसवणं जमत नाही, कारण बोटांत तेवढी ताकद आणि ताबा आलेला नसतो. हे चिनीचं नाही, देवनागरीचंही असंच आहे. पण चिनी वर्कबुकात एकच अक्षर ओळीने दहा वेळा गिरवायचं असतं, म्हणून रडणं चिनीच्या खात्यावर जमा होतं. माझं ठाम मत: पाचव्या वर्षाच्या आत घरी पेन्सिलीने चिनी लिहून घेऊ नये. ओळखणं आधी, लिहिणं पुष्कळ नंतर.

ओळखायला शरीर वापरा. पाय फाकून उभं राहिलं की ‘माणूस’ हे अक्षर झालं: दोन तिरके फटकारे. तसंच उभं राहून हात आडवे पसरले की ‘मोठा’. आता बाबांनी डोक्यावर लाटणं आडवं धरायचं: ‘आकाश’. मुलाला आरशासमोर उभं करा, त्याला आपलं आपण दिसतं. झाड या अक्षराची दोन झाडं शेजारी आली की राई, तीन आली की जंगल. आई, बाबा आणि मूल मिळून जंगल होतात. सूर्य आणि चंद्र शेजारी आले की उजळ. इतकी अक्षरं ओळखता आली की मूल इमारतींच्या पाट्यांवर ती शोधू लागतं, आणि ‘मोठा’ हे अक्षर तर सिंगापूरमध्ये पावलोपावली सापडतं.

लिहायचंच असेल तर आपल्या आजी-पणज्या जशा धुळाक्षरं गिरवत तशी गिरवू द्या. परातीत रव्याचा पातळ थर, आणि बोट. चुकलं तर परात हलवली की पाटी कोरी. बाल्कनीच्या फरशीवर ओल्या ब्रशने लिहिणं त्याहून मजेचं. इथल्या उन्हात अक्षर बघता बघता वाळून जातं आणि पुन्हा लिहावंसं वाटतं. चीनमधल्या बागांमध्ये म्हातारी माणसं सकाळी लांब दांड्याच्या ब्रशने जमिनीवर पाण्याने सुंदर अक्षरं काढतात, तो त्यांचा छंद आणि व्यायामही आहे. तसा एखादा व्हिडिओ मुलाला दाखवा.

देवनागरीही शिकणाऱ्या मुलांची एक खास गफलत होते आणि ती फारशी कोणी सांगत नाही. आपण अक्षर काढून झाल्यावर शिरोरेषा ओढतो. चिनीत वरची आडवी रेघ आधी येते. ‘आकाश’, ‘राजा’ या अक्षरांत मूल हमखास वरची रेघ शेवटी देतं, आणि बाई लाल खूण करतात. मुलाला वाटतं, अक्षर तर बरोबर दिसतंय, मग चुकलं काय? त्याला सरळ सांगा: मराठीत छप्पर शेवटी, चायनीजमध्ये छप्पर आधी. पाच वर्षांचं मूल हे सहज धरतं. दुसरी गफलत चौकोनाची. ‘तोंड’ हे अक्षर म्हणजे नुसता चौकोन, पण तो तीन फटकाऱ्यांत होतो: आधी डावी उभी, मग वरची आडवी न थांबता वळून उजवीकडे खाली, शेवटी तळ. ‘शेत’ या अक्षरात चौकोनाच्या आत अधिकचं चिन्ह असतं. ते आत काढून झालं की मगच तळाची रेघ. चिनी शिक्षक मुलांना सांगतात, आधी माणसं आत घ्या, मग दार लावा. परातीत लिहिताना ते मोठ्याने म्हणायचं.

झटपट यश हवं असेल तर आकडे

मूल फारच खट्टू झालं असेल तर सगळं सोडून आकड्यांकडे या. चिनीत एक ते दहा आले की नव्याण्णवपर्यंत आले: अकरा म्हणजे दहा-एक, वीस म्हणजे दोन-दहा, सत्तेचाळीस म्हणजे चार-दहा-सात. आपल्याला एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर किती छळतात ते आठवा. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन सुचवलं तेव्हा महाराष्ट्रात केवढा वाद झाला होता. चिनी मुलाला तशी सोय जन्मापासून असते.

इथल्या उंच इमारतींच्या लिफ्टमध्ये मजले मोजा, जिन्याच्या पायऱ्या मोजा, ठिकरीचं घर आखून उड्या मोजा. आणि एका हाताने दहापर्यंत मोजायची चिनी रीत शिकून घ्या: सहाला अंगठा आणि करंगळी बाहेर, बाकी बोटं मिटलेली, आठला अंगठा आणि तर्जनी. बाजारात विक्रेते अशी बोटं दाखवतात हे मुलाने पाहिलं की त्याला गुप्त खूण कळल्याचा आनंद होतो. यात गणितही आपोआप होतं. चार-दहा-सात म्हणताना दशक आणि एकक वेगळे ऐकू येतात.

व्हिडिओ बघतं, पण बोलत काहीच नाही

यात नवल नाही. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी घरांतल्या नऊ महिन्यांच्या बाळांशी मँडरिन बोलणारी माणसं बारा वेळा प्रत्यक्ष खेळली, गोष्टी वाचल्या. ती बाळं मँडरिनचे ध्वनी ओळखू लागली. तोच मजकूर व्हिडिओवर किंवा नुसता ऐकवला त्या बाळांना काहीच फायदा झाला नाही. बालवाडीतली मुलं मोठी असतात, व्हिडिओतलं गाणं उचलतातही, पण उचललेलं वापरायला समोर माणूस लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एका तासाची कमाल मर्यादा सांगितली आहे; तो तास चायनीजच्या नावावर वाढवू नका. गाणं लावायचं तर स्क्रीन झाकून लावा आणि बरोबर नाचा.

पुस्तकांचंही थोडक्यात. सार्वजनिक ग्रंथालयांत चिनी चित्रपुस्तकं ढिगाने आहेत. वाचता येत नसेल तर चित्रांवरून गोष्ट मराठीत सांगा आणि ओळखीचं एखादं अक्षर मुलाला शोधू द्या. चित्राला टेकवलं की बोलणारं पेन मिळतं, ते घेण्यासारखं आहे. विकत घेताना मात्र लिपी तपासा: सिंगापूर आणि चीनमध्ये सोपी केलेली अक्षरं चालतात, तैवान आणि हाँगकाँगमध्ये जुनी. घोडा सोप्या लिपीत तीन फटकाऱ्यांचा आहे, जुन्यात दहा. दोन्ही प्रकारची पुस्तकं घरात एकत्र आली की मूल साहजिकच म्हणतं की हा आपला घोडा नाही.

बोलायला कोणी नाही

आहे. खालच्या मजल्यावर आहे, हॉकर सेंटरमध्ये (खाण्याच्या गाळ्यांच्या आवारात) आहे. मुलाला सोयाबीनचं दूध मागू द्या: "यी पेइ तोउ-च्यांग." एक कप. पैसे त्याच्या हातात द्या, तुम्ही दोन पावलं मागे उभ्या राहा. गल्ल्यावरच्या काकांचा चेहरा खुलतो, ते काहीतरी विचारतात, मूल मान डोलावतं, दूध येतं. घरी ठेवलेल्या शंभर कार्डांत हे बळ नाही. शाकाहारी घरांनी "वो छ्र सू" शिकून ठेवावं: मी शाकाहारी खाते. कामही होतं आणि गप्पाही निघतात.

कधी एखादे आजोबा भलतंच काही उत्तर देतात आणि मूल हिरमुसतं. ते बहुधा होक्कियन, तेओचिऊ किंवा कँटोनीज असतं. चिनी घरांनी त्या बोलींऐवजी मँडरिन बोलावी म्हणून इथल्या सरकारने १९७९ साली मोठी मोहीम काढली, तोवर घराघरांत त्याच बोली होत्या, आणि जुन्या पिढीच्या तोंडी त्या अजून आहेत. मुलाला सांगा: आजोबांची भाषा वेगळी आहे, तू बरोबर बोललास.

सणांना तर आमंत्रणाची गरजच नसते. चिनी नववर्षाला शेजाऱ्यांकडे जाताना दोन संत्री दोन्ही हातांनी द्यायची असतात. हे काम मुलाकडे द्या. पुढे आठव्या चांद्रमासाच्या पौर्णिमेला कंदिलांचा सण येतो. त्या दिवशी आपल्याकडे भाद्रपदाची नाहीतर आश्विनाची पौर्णिमा असते. २०२५ साली तर तो सण आणि कोजागरी दोन्ही ६ ऑक्टोबरला आले. आम्ही इमारतीखाली मसाला दूध नेलं, शेजाऱ्यांनी मूनकेक आणले, आणि मुलं कंदील घेऊन पळाली. चंद्राला "य्वे-ल्यांग" म्हणतात हे त्या रात्री कोणाला शिकवावं लागलं नाही. पोळ्याचे मातीचे बैल घरात असतील तर तेही बाहेर काढा: बारा प्राण्यांच्या चिनी चक्रात २०२१ हे बैलाचं वर्ष, त्या वर्षीची मुलं (फेब्रुवारीच्या नववर्षानंतर जन्मलेली) आता अगदी या वयात आहेत. बैल म्हणजे "न्यू", चढत्या सुरात.

वर्गातलं नाव आवडत नाही

कुठे कुठे वर्गात मुलाला चिनी नाव मिळतं आणि मूल म्हणतं, "ते माझं नाव नाही." हाक मारली तरी ओ देत नाही, बाईंना वाटतं लक्ष नाही. त्याला जबरदस्ती करू नका, बाईंना मुलाचं खरं नाव घ्यायची विनंती करा. किंवा सोलापूरच्या डॉक्टर द्वारकानाथ कोटणीसांची गोष्ट सांगा. १९३८ साली ते युद्धात जखमी झालेल्यांची शुश्रूषा करायला चीनला गेले, चिनी शिकले, आणि तिथे त्यांना ‘ख तिहुआ’ या नावाने ओळखत. १९४२ मध्ये जन्मलेल्या त्यांच्या मुलाचं नाव ‘यिनहुआ’ होतं. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. आमच्या लेकीने ही गोष्ट ऐकून स्वतःहून आपल्या चिनी नावाचा अर्थ बाईंना विचारला.

एवढं करूनही गप्प असेल तर

नव्या भाषेत काही मुलं महिनोन्महिने नुसती ऐकतात. बाईंना "ती बोलते का?" असं विचारू नका; "उभं राहा, चेंडू आण, हात धू असं चिनीत सांगितलं तर ती करते का?" असं विचारा. करत असेल तर वाट पाहा, आणि वाट पाहताना खेळ चालू ठेवा. करत नसेल, पण मराठीत सगळं समजत-बोलत असेल, तर वर्ग फार पुढे गेला असेल. रोजच्या सूचनांतले चार शब्द कोणते ते बाईंकडून लिहून घ्या आणि त्यांचेच खेळ करा.

रात्रीची गोष्ट मराठीतच ठेवा. चिनी वाढावी म्हणून मराठी कमी करायचा सल्ला कोणी दिला तर मानू नका. ज्या मुलाला घरच्या भाषेत भरपूर शब्द, गोष्टी आणि कारणं ऐकायला मिळतात त्याला दुसऱ्या भाषेत फक्त नवी नावं शिकायची असतात, कल्पना नव्याने नाही.

आणि मूल मराठीतही हाकेला वळत नसेल, पाठीमागून बोललेलं त्याला कळत नसेल, वयाच्या मानाने मराठीतही शब्द फार थोडे असतील, तर चायनीजचा विषय पूर्ण बाजूला ठेवून आधी बालरोगतज्ज्ञांकडून कान तपासून घ्या. सर्दीनंतर कानात पाणी साचून ऐकू कमी येणं या वयात नेहमीचं आहे. त्यावर इलाज आहे, आणि तो जितका लवकर होईल तितका बरा.